शिवणाऱ्या ताईंचं मत

नंदनवन वस्तीत आमच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई राहतात. त्यांच्या मशीनशेजारच्या स्पीकरवर सतत कुठला ना कुठला अल्बम चालू असतो आणि माप घेता घेता त्या त्यावर मत देतात. "आवाज गोड आहे याचा, पण तबलेवाल्याले घाई झाली." नाहीतर, "चार गाणे चांगले, बाकीचे उगाच भरले." तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तरी बोलणं थांबत नाही.

मागच्या महिन्यात मी माझ्या भावगीतांचा पहिलाच अल्बम त्यांना भीत भीत दिला. मग जाता-येता त्यांच्या खिडकीतून रोज माझाच आवाज येऊ लागला. मी हरखले. ब्लाउज आणायला गेले तेव्हा विचारलं, "आवडला वाटतं?"

"कामाले बरा आहे," सुईत दोरा ओवत त्या म्हणाल्या. "खरं चांगलं गाणं लागलं का माया हात थांबते. तुमच्यानं नाही थांबत."

ब्लाउज घेऊन फाटकापर्यंत आले, तर मागे मशीनच्या खडखडाटात त्या माझंच गाणं गुणगुणत होत्या, एकही शब्द न चुकता.