समासातली पेन्सिल

अण्णा गोळे गेल्याची बातमी मला नदीवरच कळली. सकाळचं सहाचं वाचन घेऊन मी घाटाच्या पायरीवर बसलो होतो, पाव तास सरायची वाट पाहत, आणि कचेरीतला शिपाई सायकल हातात धरून उतारावरून खाली आला. “अण्णा गेले,” एवढंच म्हणाला. मी उठलो नाही. पाव तास पुरा केला, दुसरं वाचन घेतलं, वहीत लिहिलं आणि मगच चिंचवडला त्यांच्या बिऱ्हाडी निघालो. कुणाला हे निर्दयपणाचं वाटेल. पण पाव तास मोडलेला त्यांना खपला नसता. त्याला आता पाच आठवडे झाले.

पवनेच्या पाण्याची उंची मोजून तिचे तक्ते करणं, हे आमच्या छोट्या कचेरीचं काम. रावेतजवळ नदीत फूट-इंच रंगवलेला खांब आहे. तो मी वाचायचा आणि आकडेमोड अण्णांनी करायची. अण्णा मूळचे रत्नागिरीकडचे, जीभ तिखट. मी चाकणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, नोकरीला नवा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी वही परत फेकली. “पाणी कुठं आहे ते लिहिलंस रे. ते चाललंय कुठं, ते कोण लिहिणार, तुझा आजा?” तेव्हापासून सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा, प्रत्येक वेळी वाचन घेऊन पाव तास थांबायचं आणि पुन्हा वाचायचं. पाणी किती वेगानं चढतं किंवा उतरतं, ते त्या दोन आकड्यांवरून निघे.

हा हट्ट कशासाठी, ते त्यांनी एकदा पाठकोऱ्या कागदावर समजावलं. नुसत्या दोन उंच्या दिल्या तर मधून सरळ रेघ ओढण्यापलीकडे काही करता येत नाही. पण दोन्ही टोकांचा वेगही दिला की चार अटी होतात, आणि चार अटी पाळणारी तिसऱ्या घाताची बहुपदी एकच असते. ती वळण घेत जाते, नदीसारखी. मी खूश झालो, तर म्हणाले, “खुळ्या, ती नदी नव्हे. नदी मधे काय करते ते तिलाच ठाऊक. आपल्याला फक्त सांगता येतं की चूक जास्तीत जास्त किती.” त्या मर्यादेत वेळेच्या अंतराचा चौथा घात येतो. म्हणजे अंतर दुप्पट झालं की मर्यादा सोळापट. वाचन नसताना असा वळणावरून बांधलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी, समासात, ते ही मर्यादा पेन्सिलीनं लिहीत. तिच्याशिवाय आकडा म्हणजे थाप, असं त्यांचं म्हणणं.

एका श्रावणात नदी फुगलेली असताना मी दुपारचं वाचन चुकवलं. चाकणला मुलगी पाहायचा कार्यक्रम होता, थोरल्यांनी दिवस ठरवलेला... रजा मागायचं धाडस झालं नाही. सकाळचं वाचन घेऊन सायकल हाणली ती संध्याकाळच्या वाचनालाच परतलो. अण्णांना खरं सांगितलं. ते खूप बोलले, मग दोन टोकांवरून दुपारचा आकडा बांधून दिला आणि समासात मर्यादा लिहिली. पक्का तक्ता मी उतरवला. समास उतरवला असता तर माझी गैरहजेरी उघडी पडली असती, म्हणून मी तो गाळला. माझ्यावर विश्वास ठेवून अण्णांनी पक्की प्रत तपासली नाही.

वर्षातला सर्वांत मोठा पूर नेमका त्याच दुपारचा ठरला. त्या आकड्यावर एक फूट धरून काठावर पंपाची खोली बांधली आणि भिंतीवर तांबडी रेघ मारली. पाणी तिच्यावर येणार नाही, असा तिचा अर्थ. पंपावर गावचा राघू होता. रेघ पाहून तो मला म्हणाला, “त्या दुपारी पानी बाभळीच्या बेचक्याला लागलं हुतं. ही रेघ खाली वाटतीया.” मी म्हणालो, “कागदावर आहे ते बरोबर आहे.” “व्हय? मंग आसंल,” म्हणाला तो, आणि कामाला लागला. दोन वर्षांनी भर दिवसा पाणी चढलं, तेव्हा लोक काठावरून हाका मारत राहिले. राघू मात्र पंप सोडून निघाला नाही, कारण पाणी अजून रेघेखाली होतं. नंतर निघायला वाट उरली नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं, आकडा कुणाचा? अण्णा म्हणाले, “माझा.” मी शेजारी उभा होतो. त्यांची बढती गेली, तक्ते काढून घेतले, पुढची सगळी वर्षं जुने कागद लावण्यात गेली. एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, “मर्यादा शाईनं लिहायला हवी होती मी. पेन्सिलीनं लिहिली, ती चूक माझी.” मी ते मान्य केलं, कारण ते सोयीचं होतं. मी भित्रा माणूस आहे. त्या दिवशी पाहिलेली मुलगी आज माझी बायको आहे, आणि हे सगळं तीही इथंच पहिल्यांदा वाचेल.

तेराव्यानंतर वहिनींनी, अण्णांच्या पत्नीनं, त्यांची कच्ची वही माझ्या हातात ठेवली. “तुम्हालाच द्यायची म्हणाले होते,” इतकंच बोलल्या. त्या दिवसाचं पान मी उघडलं. समासात त्यांचं बारीक अक्षर: ‘दुपारचे वाचन नाही. आकडा बांधलेला. तीन फुटांपर्यंत चूक संभवते.’ पेन्सिलीवरून नंतर शाई फिरवलेली होती. हे एक पान साहेबांपुढे ठेवलं असतं तर अण्णा सुटले असते... इतकी वर्षं ते त्यांच्या पेटीत होतं. खाली वाचन घेणाऱ्याच्या सहीची जागा त्यांनी कोरी ठेवली होती.

काल सकाळी घाटावर, दोन वाचनांमधल्या पाव तासात, मी तिथं सही केली. वही आज साहेबांकडे जाईल. त्याआधी ती घेऊन राघूच्या घरी जायचं आहे, आणि त्याच्या बायकोला सांगायचं आहे की बाभळीबद्दल तो बरोबर बोलला होता.