अक्काचं वजन

अक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर उदगीरला तिनंच मला वाढवलं. पुढं तिचे यजमान वारले, मग किडन्या गेल्या, तेव्हा मी तिला नांदेडला आमच्या घरी आणलं. घरीच पोटाचं डायलिसिस सुरू झालं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी बाहेर काढायचं. अंगातली घाण आणि जादा पाणी त्याच्यासोबत निघून जातं. बायको आणि मी, दोघंही ते करायला शिकलो.

अक्काला प्यायला पाणी मोजून मिळायचं. उन्हाळ्यात मी तिच्यासमोर कधी पाणी प्यालो नाही. स्वयंपाकघरात जाऊन, आवाज न करता, चोरी केल्यासारखा घटाघटा प्यायचो.

डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं होतं. एकदम वाढलं तर समजायचं, पाणी साठतंय. ते काम माझं. आकडा चढला की मी विचारायचो, "अक्का, पाणी जास्त झालं का?" तेवढाच राहिला की तिच्या पाठीवर हात ठेवायचो, बायकोला हाक मारून सांगायचो. बरेच महिने आकडा हलला नाही. मी तर शेजाऱ्यांनाही सांगत सुटलो होतो.

याच दिवसांत बायकोनं अक्काच्या ब्लाऊजच्या बाह्या आत घेऊन दिल्या. वय झालं, असं मी म्हणालो. पुढं अक्काला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागायला लागला, पायावर बोट दाबलं की खळगा राहू लागला. दवाखान्यात नेलं. तिथं तिला आडवं निजवून हातापायांना पट्ट्या चिकटवल्या आणि अंगात पाणी किती, मांस किती हे मशीनवर पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "वजन तेवढंच आहे. पण मांस झडलंय आणि त्याच्या जागी पाणी भरलंय. काट्याला दोन्ही सारखंच." बाहेर काढलेल्या पाण्याबरोबर प्रोटीनही जातं, ते खाऊन भरून काढावं लागतं, असं त्यांनी समजावलं. मग जेवणाचं विचारलं. मी म्हणालो, चांगलं जेवते, ताट रोज रिकामं होऊन येतं. अक्का खाली बघत होती. डॉक्टरांनी तिलाच विचारलं.

ती म्हणाली, "काटा चढला की ह्याचं तोंड उतरतंय. मग मी भाकर कमी करत गेले. खिडकीखाली गाय येते, तिला घालत होते."

मला तिथं बसवेना. बाहेर आल्यावर मी कसंबसं म्हणालो, "अक्का, मला सांगायचं तरी."

"सकाळी तू खूश असला की माझा दिवस बरा जातोय रे," ती म्हणाली. रागावून नाही. त्यानंच जास्त लागलं.

डॉक्टरांनी अंड्यातला पांढरा भाग सुचवला होता. आमचं लिंगायत घर. अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. मी म्हणालो, तुझ्यासाठी आणतो. ती नको म्हणाली. मला आतून हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. डाळ, पनीर, दही किती आणि कसं द्यायचं ते बायकोनं दवाखान्यातून विचारून घेतलं. मीठ कमी केलं. जास्त पाणी ओढणाऱ्या पिशव्या सुरू झाल्या.

पाणी उतरलं आणि वजन घसरलं. सूज गेल्यावर अक्का खरी केवढी राहिली होती ते दिसलं. गालफडं बसलेली, मनगटं लेकराएवढी. एवढे दिवस मी ज्याला शाबासकी देत होतो ते हे होतं.

तेव्हापासून आम्ही तिघं एकत्र जेवायला बसतो. मांस भरायला वेळ लागतो. थोडं भरलंय, असं डॉक्टर सांगतात. आता ती बसून कणीक मळते. काट्यापाशी बायको उभी राहते. मी तेव्हा दूध आणायला जातो.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला उदगीरला जायचा अक्कानं हट्ट धरला. पिशव्यांचे खोके गाडीत घालून गेलो. पंगतीत ती माझ्या समोरच बसली होती. वाढपी आला तेव्हा तिनं वरणाची वाटी पुन्हा पुढं केली आणि माझ्याकडं पाहिलं. वरणात मीठ किती, पाणी किती, सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मी शेजारच्या माणसाशी पावसापाण्याचं बोलू लागलो.