वर्षाच्या आत

मुंबईतून गाठीचा ताप आला, त्या साली चैत्रात कोंडीचे आईबाप पाठोपाठ गेले. मामानं, बुधाजीनं, नऊ वर्षांच्या पोरीला खालापुराकडं आपल्या घरी आणलं.

"आईबापाला खाऊन आली गं. आता मामाची पाळी!" पाणवठ्यावर बाया बोलल्या.

"तुमच्या घरी तं नाय ना येत जेवाया?" मामी येसूबाईनं घागर आपटली. तिला मूल नव्हतं. पोरीवर जीव बसला होता.

कोंडी मास्तरांकडं दूध घालायला जाई. मास्तरीणबाई ओटीवर चार मुली शिकवत. दाराशी उभं राहून बघता बघता कोंडीला अक्षरं लागू लागली. बाईंनी बुधाजीला म्हटलं, "हिला बसवा हो रोज."

"दुखाचं घर हाय, बाई. वर्षश्राद्ध होऊ द्या, मंग बघू."

तेव्हापासून कोंडीचं एकच, "मामी, वर्षश्राद्ध कवा गं?" पोरीला आईबाप आठवतात असं वाटून मामी पदर डोळ्याला लावी.

माघात भटजी सांगून गेले, "पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरका. नाहीतर पुढं तीन वर्षं करता येणार नाही."

तीन वर्षं! कोंडी मनात नाचली. मामीला मात्र घोर लागला. तोवर पोर न्हातीधुती होणार, त्यात अवलक्षणी म्हणून नाव झालेलं. कोण करणार? धावाधाव करून कर्जतकडचा पोपट नावाचा बिजवर ठरवला.

हळदीच्या दिवशी कोंडीनं मामाचे पाय धरले. "तीन वरसं ठेव रं मामा. शेण काढीन, भात कांडीन. मला वाचाया शिकायचंय."

बुधाजी खाली बसला. "आमाला पोर ना बाळ. तुझं कन्यादान केलं तरच वर थारा हाय गं. येवढं पुण्य बी नाय देणार?"

मारलं असतं तर ती मास्तरांकडं पळाली असती. पण मामा हात जोडून बसला होता. कोंडीनं हळदीला गाल पुढं केला.

पोपट काही वाईट नव्हता. सासरी एकदा कोंडी मिठाच्या पुडीचा कागद चुलीपुढं लावून लावून वाचत होती. सासूनं ओढून जाळात घातला. "वाचणारीचा दादला टिकत नाय, ठावं नाय का?"

कोंडी तेव्हा मनात हसली होती. पुढं पोपटाला ताप भरला की ती अंथरुणाशी बसून आठवत राही, आपण कुठं काही वाचलं तर नाही ना.