पहिल्या अंकाचा वाटा

आमच्याकडे वाटणीची रीत साधी आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. आपल्याला कुठला वाटा उरणार हे थोरल्याला ठाऊक नसतं, म्हणून तो झक मारत सारखे वाटे पाडतो. अमळनेरजवळची आमची शेती अशीच वाटली गेली, आणि माय गेल्यानंतर या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातली भांडीकुंडीही. कुठं शब्दाला शब्द लागला नाही. भाऊबंदकीत डोकी फोडून घेणारी माणसं आमच्याकडे बघून नाकं मुरडतात.

भांडी झाल्यावर धाकटा म्हणाला, "अन् भाऊ, ती कॉमिक्सनी पेटी?"

ती पत्र्याची पेटी माझ्याकडे, धुळ्याला. नोकरी लागली तेव्हा मी ती बरोबर आणली, ती माळ्यावर पडून होती. धाकटा गावी कापूस करत राहिला. पेटीत काय आहे हे त्यानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याला हवा होता एकच अंक. तो चारेक वर्षांचा असताना तापानं फणफणला, तेव्हा जळगावच्या दवाखान्यात ठेवला होता. मायनं स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून त्याच्यासाठी एक हिंदी कॉमिक आणलं. घरात आलेलं ते पहिलं. तेव्हापासून आमच्यात त्याला 'पहिला अंक' म्हणतात.

"मायनी माले दवाखानामा लई देयेल पहिला अंक कोनाले येस, देखूत," धाकटा हसत म्हणाला.

आता इथं जरा अंकांच्या नंबरांचं सांगायला हवं, नाहीतर माझा नालायकपणा पुरता कळायचा नाही. या कॉमिक्सवाल्यांना सरळ मोजता येत नसे. प्रकाशकाकडे पाच-सात नायक, आणि सगळ्यांना मिळून नंबरांची एकच रांग. त्यामुळं आमच्या नायकाची पहिली गोष्ट आली ती एकशे चौदा नंबरावर. दुसरी एकशे एकवीसवर. मधल्या नंबरांवर भलतेच. विशेषांकांची मोजणी वेगळी, जाड अंकांची आणखी वेगळी. मग पुष्कळ वर्षांनी प्रकाशकाला काय हुक्की आली कोण जाणे, त्यानं त्याच नायकाला पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी तेव्हा कमावता होतो. धुळ्याच्या बसस्टँडवर तो नवा 'अंक १' दिसला आणि मी घेतला. म्हणजे मायनं आणलेला पहिला अंक एकशे चौदा, आणि ज्यावर ठळक एक छापलंय तो पेटीतला जवळजवळ सगळ्यात शेवटचा. हे जगात एकट्या मलाच ठाऊक होतं. धाकट्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं; दोन्हींच्या कव्हरवर नायक तोच.

तो वाटणीसाठी धुळ्याला यायच्या आदल्या दिवशी मी वाटे पाडायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, जमिनीची वाटणी चाललीय का? किती वेळ!"

वेळ लागत होता, कारण मी लबाडी करत होतो. दोन्ही गठ्ठे उंचीला सारखे, जाड अंकही सारखे वाटलेले. कुणी पंच बसवला असता तरी बोट दाखवायला जागा नव्हती. फक्त एका गठ्ठ्यावर सगळ्यात वर नवा 'अंक १' ठेवला, आणि दुसऱ्या गठ्ठ्याच्या पोटात एकशे चौदा. रीत पाळली, आणि रीतीचं नरडंही दाबलं.

का केलं? मला तो हवा होता. दवाखान्यात खाटेशेजारी बसून तो अंक मी वाचून दाखवला होता, पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. मायला वाचता येत नव्हतं. ती धाकट्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत ऐकायची आणि पान उलटायला उशीर झाला की म्हणायची, "मंग? पुढे काय व्हयनं?" त्या अंकात माझ्यासाठी तिचा आवाज आहे. हे सगळं खरं आहे. पण नुसतं "मला दे" म्हटलं असतं तर धाकट्यानं हसत दिला असता, हेही तितकंच खरं आहे. मागायची लाज वाटली आणि फसवायची नाही वाटली, असा मी माणूस.

धाकटा आला, चहा प्याला, मग त्यानं गठ्ठ्यांकडे बघितलं. वरचा 'एक' हा आकडा दिसला आणि त्याचा चेहरा असा काही उजळला की मला तिथंच बोलायला हवं होतं. त्यानं गठ्ठा छातीशी धरला. "पहिला मालेच उना, भाऊ."

"नशीबवान आहेस लेका," मी म्हणालो. वर हेही म्हणालो.

तो गेल्यावर एकशे चौदा मी कपाटात ठेवला. उघडून वाचवेना. दोनदा फोन हातात घेतला आणि त्याला कपाशीचंच विचारून ठेवून दिला.

पोळा झाल्यावर गुडघा दाखवायला तो धुळ्याला आला. डॉक्टरकडून थेट माझ्याकडे. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला 'अंक १' काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हाऊ तुनाकडेच ऱ्हाऊ दे, भाऊ."

"अरे, का?"

"मी नुसता पडेल व्हतू. वाचनारा तू. माय सांगे, धाकला उठना तो थोरलाना आवाजवर. मंग हाऊ तुनाच शे ना. मी उगाच उचली लिधा. तवपशी मन खास माले." आणि मग जरा संकोचत, पाय लांब करून: "जराखा वाच ना. माले ताप आठवस, अन् तुना आवाज. गोष्ट काहीच नही आठवत."

माझे कान तापले. याचं मन त्याला खात होतं! कपाट माझ्या पाठीशीच होतं, हात मागं केला असता तरी लागला असता. मी हात पुढं केला आणि तो खोटा पहिला अंक उघडला. वाचू लागलो. माझा आवाज म्हातारा झालाय, हिंदी अजून तसंच खान्देशी. धाकट्यानं डोळे मिटले. तिसऱ्या-चौथ्या पानावर नायकाचा एक फालतू विनोद आहे, तो वाचला तसा तो गालात हसला.

"हां. आठवनं," तो डोळे न उघडता म्हणाला. "आठेच हासनी व्हती माय."

माय त्या पानावर हसली नव्हती. ते पान मायनं कधी ऐकलंच नव्हतं. पण आता त्याच्याजवळ दवाखान्यातलं मायचं हसू होतं, आणि कपाट उघडलं तर ते मला त्याच्याकडून परत घ्यावं लागणार होतं.

मी थांबलो तसा तो म्हणाला, "मंग? पुढे काय व्हयनं?"

मी पान उलटलं आणि पुढचं वाचलं.