सहा अक्षरांवर एक टाळी

निवृत्तीनंतर माझी शाळा कळसाडीच्या आमच्या घराच्या गच्चीवर भरू लागली. विद्यार्थिनी एकच, माझी पुतणी. परिचारिकेचे शिक्षण संपवलेल्या या मुलीला पोर्तुगालमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी हवी होती. मुलाखत फोनच्या पडद्यावर, त्यांच्याच भाषेत होणार होती. ती साधली नाही, तर दिवाळीनंतर स्थळे पाहायची, असे घरात ठरले होते.

तिचे अडत होते ते लांब क्रियापदांवर. ‘आजुदारीअमुश’, म्हणजे ‘तशी वेळ आली तर आम्ही मदत करू’. मला पोर्तुगीज येत नाही. पण शब्द फोडता येतो. आ-जु-दा-री-अ-मुश. आयुष्यभर लघुगुरू शिकवल्याच्या सवयीने मी प्रत्येक दीर्घ अक्षरावर गुरूची खूण केली. ती म्हणू लागली, आणि ते क्रियापद श्लोकासारखे संथ लांबत, फुटलेल्या कापसावरून, उसाच्या तुऱ्यांवरून तापीकडे निघून गेले. मला ते फार गोड वाटले.

मग तिने फोनवर धड्यातला आवाज लावला. तिथे सारी अक्षरे घाईने पळत होती. एकटी ‘री’ उभी होती.

“काका, तुम्ही त्या शब्दले भजनले बसाडी दिन्हं!”

नवरात्राचे दिवस होते. खाली गल्लीत बायका गरबा खेळत होत्या. ती कठड्यावरून बराच वेळ पाहत राहिली. पावले कितीतरी पडत. टाळी मात्र ठरल्या जागीच. अचानक ती गच्चीवर गोल फिरू लागली. बाकीची अक्षरे पायांखाली, ‘री’वर टाळी. ‘आजुदासमुश’, म्हणजे ‘आम्ही मदत केली तर’, या रूपात टाळी एक अक्षर आधी, ‘दा’वर आली. मीही मागोमाग फिरू लागलो. संध्याकाळ कापसासारखी हलकी झाली होती. भाषा कोणती, हे क्षणभर मला आठवेना.

जिन्यातून पत्नी म्हणाली, “देवी बठनी खाले, आन गरबा व्हयी ऱ्हायना वरे!”

मुलाखतीच्या दिवशी मी दाराबाहेर उभा होतो. पडद्यावरच्या बाईंनी काही विचारले. मग ते क्रियापद आले, झटकन, ‘री’वर नेमके टेकून. बाईंनी पुन्हा विचारले नाही. त्या पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. “काका, जानेवारीमा बलावतस.”

“उत्तम,” मी म्हणालो. यापुढे शिकवण्याजोगे माझ्याकडे काही नव्हते. तरी तिने आत जाऊ नये म्हणून विचारले, “तिथे थंडी किती असते गं?”