तक्त्यातली ताई

ग्रंथालयाच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "विभाग?"

"माध्यम."

"असा विभाग नाही, बाई. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य, संगणक, चित्रपट. यातला एक सांगा."

"पाचही."

"कार्डावर एकच मावतो."

मागे रांग चुळबुळायला लागली होती. त्या दिवशी बुधवार होता आणि बुधवारी तास समाजशास्त्राच्या इमारतीत असायचा, म्हणून धाकटी म्हणाली, "समाजशास्त्र लिहा." कार्ड घेऊन ती जिना चढली. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाला बसलेल्या बाईनं हुज्जत घालायची नसते, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

तिला धाकटी म्हणायचं ते ताईमुळे. सव्वीस वर्षं ती एका दैनिकात मुद्रितं तपासायची. काना, मात्रा, आडनावं, आकडे. रोज लाखभर घरांत जाणारा कागद आधी तिच्या डोळ्यांखालून जायचा, पण त्या घरांत त्याचं पुढं काय होतं, हे तिला कधी कळलं नाही. मग ते काम यंत्राकडे गेलं आणि धाकटीला पुष्पगुच्छ मिळाला. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात तिनं वाचलं, 'माध्यमं लोकांच्या आयुष्यात काय करतात याचा पाच शाखांतून अभ्यास.' त्या ओळीतही एक चूक होती. ती सुधारून तिनं अर्ज भरला.

पाच शाखा म्हणजे पाच इमारती. सोमवारी जाहिरातींचं अर्थशास्त्र, मंगळवारी तळघरात चित्रपट, गुरुवारी संगणकाच्या खोलीत थंडीनं कुडकुडणं. वर्ग कुणाचाच नव्हता. सगळीकडे यजमान वेगळे आणि माध्यमवाली मुलं पाहुणी, मागच्या बाकांवर. त्यातून प्रत्येकानं आपापल्या आवडीचे विषय निवडलेले. सोमवारी शेजारी बसणारी मुलगी मंगळवारी दिसायची नाही. पाचही वारी बरोबर असेल असं माणूस धाकटीला एकही मिळालं नाही. मुलं तिला काकू म्हणायची, दार उघडून धरायची आणि आपल्या घोळक्यात निघून जायची. डब्यातलं सँडविच ती जिन्याखालच्या बाकावर खायची आणि खाऊन झालं की घड्याळ बघायची. नेहमी बारा मिनिटंच झालेली असायची.

घरीही तेच. बावीस वर्षं त्या दोन खोल्यांत ती आणि ताई राहिल्या. दोघी बिनलग्नाच्या, तशाच राहतील असं सगळे, विशेषतः धाकटी, धरून चालले होते. ताई दाताच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर असायची. निवृत्तीला सहा महिने उरले असताना तिथं एक विधुर भूमापक कवळी बसवायला आला. कवळी नीट बसेना, म्हणून अकरा वेळा आला. बाराव्या वेळी ताई घरी येऊन म्हणाली, "हसू नकोस हं." धाकटी हसली नाही. तिथंच चुकलं असावं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ताई दोन बॅगा आणि शिवणयंत्र घेऊन बसनं दोन तासांवर राहायला गेली. त्याला दीड वर्ष झालं.

तर त्या बुधवारी समाजशास्त्राच्या मॅडमनी सत्राचा मोठा प्रकल्प सांगितला. वयानं त्या धाकटीपेक्षा अठरा वर्षांनी लहान, पण नियमाला पक्क्या. "घरातल्या एका व्यक्तीचं सात दिवस निरीक्षण करायचं. दर पंधरा मिनिटांनी नोंद. तिनं काय लावलं, काय वाचलं, आणि त्याच वेळी दुसरं काय करत होती. स्वतःचं निरीक्षण चालणार नाही. माणूस स्वतःबद्दल खोटं बोलतो. व्यक्ती त्याच छपराखाली राहणारी हवी, आणि तिची सही असलेलं संमतीपत्र." मग त्या एकेकाला विचारत निघाल्या, घरी कोण असतं? वसतिगृहातल्या मुलांनी खोलीतल्या सोबत्यांची नावं सांगितली. धाकटीची पाळी आली.

"मी आणि ताई," ती म्हणाली.

बावीस वर्षं हेच उत्तर होतं. डॉक्टरकडे, जनगणनेला, फोनच्या दुरुस्तीवाल्याला. तोंडातून सरळ बाहेर पडलं. दुरुस्त करायला तिनं तोंड उघडलं, तोवर मॅडम पुढच्या बाकावर गेल्या होत्या.

मुद्रितात राहून गेलेली चूक सकाळी कबूल करायची असते. धाकटीनं ती सकाळ जाऊ दिली. संमतीपत्रावर ताईची सही केली; ताईच्या पार्सलांवर ती वर्षानुवर्षं तशीच करत आली होती. आणि सोमवारी सकाळी सहा वाजता तक्ता घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसली.

आठवून एका बैठकीत लिहून टाकायचं, असा बेत होता. पण सहा दहा झाले आणि तिनं फक्त सहा दहाचंच लिहिलं. 'रेडिओ लावला. बटण सैल असल्यानं एक बोट त्यावर ठेवून उभी. दुसऱ्या हातानं चहा ढवळते.' सहा पंचवीस. 'बातम्या देणाऱ्याशी भांडते. "माझ्या घरी ये म्हणावं, मग सांगते महागाई."' सहा चाळीस. 'पेपर शेवटच्या पानापासून वाचते. निधनाच्या बातम्या मोठ्यानं. वय कमी असेल तर च्च म्हणते, जास्त असेल तर "भरपूर झालं."' संध्याकाळी 'टीव्ही चालू, आवाज बंद, कारण वरच्या मजल्यावरचं भांडण ऐकायचं आहे.' बुधवारी तिनं ताईला सर्दी घातली, कारण आठवडाभर कुणी सारखंच वागत नाही. गुरुवारी दोन कप बाहेर काढले गेले. एक तिनं परत ठेवला, पण लगेच नाही.

त्या सात दिवसांत वेळ जात नाही म्हणून तिला एकदाही घड्याळ बघावं लागलं नाही.

तीन आठवड्यांनी मॅडमनी वर्गात तक्ता वर धरला. "माझ्या नऊ वर्षांत इतकी बारीक नोंद मी बघितली नाही. निरीक्षण म्हणजे काय, ते यात आहे." आणि त्यांनी सहा पंचवीसची नोंद वाचून दाखवली. वर्ग हसला. मागून कायम टोपी घालणारी एक मुलगी ओरडली, "काकू, तुमची ताई भारी आहे!"

त्यानंतर जिन्याखालच्या बाकावर माणसं यायला लागली. आधी टोपी, मग तिच्या दोन मैत्रिणी.

"काकू, आज ताई काय म्हणाल्या?"

"आज? आज हवामानवाल्याला म्हणाली, खिडकी उघडून बघ आधी."

मुली खिदळायच्या. एकीनं "भरपूर झालं" हे आपल्या मित्राच्या बाबतीत वापरलं, तेही येऊन सांगितलं. मंगळवारी तळघरात टोपीनं धाकटीसाठी जागा धरली. सँडविच खाऊन होईपर्यंत तास बुडायची वेळ यायची. धाकटी रोज सकाळी बसस्टॉपवर उभी राहून ताईसाठी एक वाक्य तयार करायची.

मग मॅडमनी बोलावलं. "सत्राच्या शेवटी पाचही विभागांसमोर सादरीकरण आहे. तुमचा प्रकल्प पहिला. आणि ताईंना घेऊन या. निरीक्षण झालेली व्यक्तीच समोर असली, तर चर्चा चांगली होईल. येतील ना?"

"विचारते," धाकटी म्हणाली.

शनिवारी ती बसनं ताईकडे गेली. येऊन एक दिवस खोटं बोल, एवढंच मागायचं होतं. नाही म्हणाली तर प्रकल्पही जाणार आणि बाकही.

भावजींनी दार उघडलं. "या, या! विद्यार्थिनी आल्या!" ते कानाला यंत्र लावायचे, त्यामुळे गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. घरात रेडिओ नव्हता. टीव्हीवर खाली अक्षरं धावत होती. ताई खिडकीशी मांडीवर टॅब्लेट घेऊन कुठल्यातरी परदेशी बाईचं विणकाम बघत होती. केस कापलेले.

"अशी काय बघतेस? ह्यांना आवडतात असे," ताई म्हणाली. 'ह्यांना' हा शब्द ती नव्या चपलेसारखा जपून वापरायची.

भावजी भाजी आणायला गेल्यावर धाकटीनं तक्ता काढला आणि सगळं सांगितलं. ताई चष्मा लावून वाचायला लागली. पहिल्या पानावर ती इतकी हसली की टॅब्लेट घसरला.

"माझी सर्दीसुद्धा? अगं बये!"

"येशील का? एक तासाचं काम आहे. फक्त हो हो म्हणायचं."

"येईन की. ह्यांना सांगते दाताच्या डॉक्टरकडे चालले. तिथं जाते म्हटलं की घाबरून असतात." ताई पुन्हा हसली आणि वाचत राहिली. दुसरं पान, तिसरं. हसणं थांबलं. चौथं पान तिनं उलटं करून पाहिलं, मागे काही आहे का ते.

"तू कुठं आहेस यात?"

"मी निरीक्षक. स्वतःचं लिहायचं नसतं."

"हां." ताईनं चष्मा काढला. "मला रेडिओ आवडायचा नाही, माहितीये? तो बटणाचा खरखराट तर मुळीच नाही."

"काय बोलतेस! रोज लावायचीस."

"मग काय करू? तू उठलीस की तासभर तोंड उघडायची नाहीस. काही विचारलं की हं. मुद्रितं वाचून डोकं दुखतंय म्हणायचीस. मला सकाळी कुणाशीतरी बोलायला लागतं गं. म्हणून त्या बातम्यावाल्याशी बोलायचे. महागाईचं तुला ऐकू जावं म्हणून बोलायचे. एकदा तरी तू म्हणशील, ताई, पुरे आता."

"मला वाटायचं, तुला मजा येते."

"येत होती की थोडी," ताई म्हणाली. "लिहिलंयस मात्र बरोबर. मी च्च म्हणायचे, तेसुद्धा." आणि तिनं तक्त्याची पानं जुळवून परत दिली, दवाखान्यात लोकांचे कागद परत द्यायची तशी, कडा समान करून. "सांग कधी यायचं ते. निळी साडी नेसते."

परतीच्या बसमध्ये धाकटीनं तक्ता काढला नाही. एकही आकडा चुकलेला नव्हता. सव्वीस वर्षांत कितीदा असं घडलं असेल, अक्षर न् अक्षर शुद्ध आणि बातमी चूक, याचा हिशेब तिनं कधी ठेवला नव्हता. खोटी नोंद एक वेळ पाच विभागांपुढं वाचता आली असती. चुकलेली कशी वाचणार?

सोमवारी ती मॅडमपुढं उभी राहिली. ताई दीड वर्षापूर्वीच गेली, हे ऐकून मॅडम आधी "अरेरे" म्हणाल्या. मग ताई लग्न करून गेली, हे कळल्यावर त्यांना चेहरा कसा ठेवावा ते सुचेना.

"म्हणजे माहिती खोटी आहे."

"तारखा खोट्या होत्या, मॅडम. माहिती खरी, असं मला वाटत होतं. आता तीही चूक निघाली."

"तुम्ही नुसतं सांगितलं असतंत, एकटी राहते म्हणून. काहीतरी सोय केली असती."

"तोंडातून निघून गेलं."

मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. "शून्य द्यावं लागेल. सहीचं प्रकरण मी इथंच ठेवते, पण हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. बाकीचे चालू राहतील." मग त्या म्हणाल्या, "मुलांना मी सांगू का?"

"नको. मी सांगते."

तिनं बाकावर सांगितलं. टोपी म्हणाली, "म्हणजे हवामानवाल्याचं पण तुम्हीच?" धाकटीनं मान हलवली. "वा, काकू!" टोपी म्हणाली आणि हसली, पण ताईच्या वाक्यांना हसायची तशी नाही. मग मुली परीक्षेचं बोलायला लागल्या. पुढच्या मंगळवारी टोपी तळघरात मैत्रिणींच्या मध्ये बसली होती. तिनं लांबून हात केला. राग कुणाचाच नव्हता. विचारायला काही उरलं नव्हतं, इतकंच.

ताईला दाखवायला मागून आणलेला तक्ता तिच्याकडेच राहिला होता. एका रविवारी लाल पेन घेऊन ती बसली. 'बातम्या देणाऱ्याशी भांडते' यातल्या पहिल्या दोन शब्दांवर रेघ मारून समासात लिहिलं, 'धाकटीशी.' पुढच्या नोंदीत 'धाकटीला वाचून दाखवते.' सात दिवसांत अशा एकोणतीस जागा निघाल्या. प्रत्येकीसमोर तिनं धाकटीचं उत्तरही लिहिलं. ते सगळीकडे एकच होतं, 'हं', त्यामुळे वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला तिनं फोन लावला.

"काय गं? काय झालं?" ताईचा आवाज घाबरा होता.

"काही नाही. बोल."

"काय बोलू?"

"काहीही. महागाईचं बोल."

ताई हसली, मग थांबली. मागे भावजी मोठ्यानं विचारत होते, कुणाचा फोन, कुणाचा? "अगं, आता लगेच कुठलं सुचायला," ताई म्हणाली. "आणि हे उठलेत, ह्यांचं कानाचं यंत्र सापडत नाहीये. तू जेवत वगैरे असतेस ना वेळेवर? मी करते नंतर. करते हं."

फोन ठेवल्यावर धाकटीनं कोरा तक्ता पुढं ओढला. स्वतःचं निरीक्षण चालत नाही, हे तिला माहीत होतं. हा कुणाला द्यायचा नव्हता. पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं, सहा दहा ते सहा बारा. दुसऱ्यात, फोन. तिसरा रकाना होता, त्याच वेळी दुसरं काय करत होती. तिथं तिनं लिहिलं, 'काही नाही. ऐकत होती.'

मग सहा पंचवीस व्हायची वाट बघत ती बसून राहिली.