बैठकीतला डेस्कटॉप

मुलीला लॅपटॉप हवा होता आणि मी हट्टाने डेस्कटॉप घेतला, ही चूक माझीच. परवा अकोटच्या घरी भंगारवाल्याने उन्हात ठेवलेला तो डबा उचलला, तेव्हा तापलेल्या धुळीचा वास आला आणि सगळं आठवलं. अमरावतीच्या दुकानात ती म्हणाली होती, "बाबा, मले लॅपटॉप पाह्यजे. लाइन गेली तरी चालते तो." मी म्हणालो, "मोठ्या स्क्रीननं डोये चांगले राह्यतात." दुकानदार हसला, "काका, मंग टीव्हीच न्या ना!" बैठकीत मी तो असा मांडला, की स्क्रीन दारातूनही दिसावा. यूपीएस मागाहून घेऊ म्हणालो, तो राहूनच गेला. मे महिन्यात तिची नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. मध्येच बंद पडली तर पुन्हा उघडणार नव्हती. कूलरच्या घरघरीत ती उत्तरं लिहीत होती, मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. अचानक कूलर थांबला, स्क्रीन काळा झाला. ती वळली नाही. त्या काळ्या काचेत तिला मीच दिसत असणार. "येईन आता लाइन," मी म्हणालो. "येऊन का करन बाबा?" एवढंच ती बोलली. नंतर तिने कुठेच अर्ज केला नाही. आता ती सासरी असते, फोनवर ऊन-पावसाचंच बोलते. परवा संध्याकाळी मीच तिला फोन लावला आणि म्हणालो, "माय, डोयाचं खोटं होतं. तू लॅपटॉप घेऊन आत बसून कोनाशी बोलशीन, याचं भेव होतं मले. माह्यं चुकलं."